भिंत दोनदा वजा झाली

एप्रिल लागला की इंदापूरच्या स्टँडवर एखादं तरी पोरगं दिसतंच, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उराशी धरून बसलेलं. परवा एक मुलगी होती. बारामतीची गाडी खच्चून भरलेली, आणि हिने खिडकीजवळच्या सीटवर ते गाठोडं ठेवून स्वतः बाजूला उभं राहायचं ठरवलेलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, त्ये वर रॅकवर टाका की. माणसं हुबी हायती." ती म्हणाली, "मीबी हुबीच हाय न्हवं? माझं तिकीट त्याचं समजा." सगळी गाडी हसली. ती हसली नाही.

मी खाली रसवंतीपाशी ग्लास धरून उभी होते. चादरीखाली काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. दवाखाना असेल, शाळा असेल, नाहीतर नवं मार्केट यार्ड असेल. काय असेल ते पुठ्ठ्याचं असणार आणि दोन दिवसांवर तपासणी असणार. रस तसाच ठेवला.

या दिवसांना आम्ही आर्किटेक्चरवाले 'सबमिशन' म्हणतो. पंचांगात नसलेला ऋतू आहे हा. ऊन इतकं की गमच्या बाटलीत ब्रश बुडवून पुठ्ठ्यापर्यंत नेईतो त्याची तार होते. पुठ्ठा उन्हाने वाकतो, वाकला की पापडासारखा कडकडतो. घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडला की तेवढा कागद फुगतो, आणि फुगलेला कागद पुन्हा कधी बसत नाही. बोटांच्या शेंड्यांवर कटरच्या पात्याच्या बारीक रेघा. त्यात मीठ-मिरचीचा हात लागला की ब्रह्मांड आठवतं. कारखान्याचा हंगाम सरलेला असतो, तरी सांजच्याला वारा फिरला की मळीचा आंबूस वास होस्टेलच्या खिडकीतून आत येतो. आजही तो वास आला की माझा हात आपसूक पट्टी शोधतो.

माझ्या चादरीखाली दीपगृह होतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक जोडीने एक इमारत निवडायची, तिचा अभ्यास करायचा, नकाशे काढायचे, मॉडेल बांधायचं. कुणी रिसॉर्ट घेतलं, कुणी एमआयडीसीतल्या कामगारांचं वसतिगृह. मी आणि रेश्मानं कोकण किनाऱ्यावरचं एक जुनं, काळ्या दगडाचं दीपगृह घेतलं. मी इंदापूरकडची, त्यामुळे बारामतीच्या कॉलेजात वर्गभर हशा पिकला. "इंदापूरला समुद्र आला काय गं? आमाला कळवायचं तरी!" तेव्हापासून माझं नाव 'बत्ती' पडलं. "ए बत्ती, पेटली का?" असं येता-जाता.

आमच्या मार्गदर्शक मोहिते मॅडमनी मात्र सरळ विचारलं होतं, "दीपगृहच का?"

मी म्हटलं, "मला गोल बांधकाम कळतं. चौकोनी सगळ्यांनाच कळतं."

हा माज होता, कबूल आहे. पण खोटा नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, विहिरी बांधतात. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या आज्याला गावच्या विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. दादा तसल्या विहिरींच्या तळाशी उतरून भिंती उभ्या करत आले. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. असं आहे, म्हणून सांगते. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटच्या रिंगा सोडतात, पण जुनी दगडी विहीर ढासळली की फोन दादांनाच येतो. लहानपणी जेवणाचा डबा घेऊन मी काठावर जायची. खाली बघितलं की दगडांचे थर एकात एक फिरत गेलेले, आणि तळाशी बशीएवढे दादा. गोल भिंत कशी उभी राहते ते मी पुस्तकाच्या आधी वरून बघितलं होतं.

आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर होणार होते. होणार होते, हे महत्त्वाचं. कारण चुलत्यांनी दोन स्थळं धरून ठेवली होती. "पाच वर्सं म्हनला हुतास. पाच झाली की पोरगी उजवायची. एक दिस जादा न्हाय," असं ते दादांना चारचौघांत म्हणाले होते, आणि दादांनी "व्हय" म्हटलं होतं. दादांचा शब्द फिरत नाही, ही गावातली त्यांची इस्टेट. म्हणजे त्या एप्रिलात मी नापास झाले असते तर सहावं वर्ष नव्हतंच. शिकलेली पोरगी म्हणून नव्हे, शिकता शिकता राहिलेली पोरगी म्हणून मी सासरी गेले असते.

मोजमापाला किनाऱ्यावर जायची परवानगी एकाच दिवसाची मिळाली, आणि नेमकी त्या आठवड्यात रेश्माला कावीळ झाली. दादा म्हणाले, "फीत धरायला मानूस पायजे न्हवं? मी येतो." पिशवीत भाकरीचा डबा, ओळंबा आणि स्वतःची दोरी. माझ्याकडे तीस मीटरची फीत होती. दोरी कशाला, असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दादांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. पाहिला म्हणजे काय, डोळ्यांवर आडवा हात धरून एकदा नजर फिरवली, "पानी लई हाय," म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून मनोऱ्याकडे बघत बसले. वारा इतका की त्यांची टोपी दोनदा उडाली. खाली खडकावर लाट आपटली की पायाखाली काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. मी घाबरले होते. उजनीच्या पाण्यापलीकडे मोठं पाणी मीही बघितलं नव्हतं.

साठेक फुटांचा मनोरा. दरवाजा जमिनीकडच्या बाजूला, ठेंगणा, वाकून जायचा. खिडक्या लहान आणि एकावर एक नाहीत. जिना जसा फिरत वर जातो तशा त्याही फिरत गेलेल्या, प्रत्येक खिडकी पायरी चुकू नये एवढ्याच उजेडापुरती. बाहेरून बोटभर दिसणारी खिडकी आतून चांगली सुपाएवढी पसरट. जिन्याच्या मधोमध एक जाड पोकळ खांब. पूर्वी वरची भिंगं घड्याळासारख्या यंत्राने फिरायची, आणि त्या यंत्राचं वजन या पोकळीतून हळूहळू खाली यायचं. खाली पोचलं की रखवालदाराने ते पुन्हा वर ओढून घ्यायचं. वर दगडी हातांवर तोललेला सज्जा, सज्ज्यावर काचेची खोली, खोलीत काचेच्या कड्यांची एकाभोवती एक रचलेली भिंगं, आणि त्यावर लोखंडी घुमट. घुमटाच्या टोकाला एक भोकाभोकांचा गोळा. तो मला नुसता शोभेचा वाटला होता. दिव्याच्या धुराला वाट म्हणून आहे, हे कळलं तेव्हा मला त्या अनोळखी बांधणाऱ्याचा राग आला, इतकं त्याने काही सोडलं नव्हतं.

दादांनी भिंतीला ओळंबा लावला. आतून लावला, बाहेरून लावला. मग म्हणाले, "आतनं सरळ हाय बघ. ढाळ समदा भायेरनं दिलाय. खाली भित जाड, वर बारीक, पन आतला गाळा खालपासनं वरपतुर योकच."

"का तसं?"

"विहिरीला माती दाबती, ह्याला वारं. दाबनारं भायेरच हाय की. ही विहीरच हाय सुजा, जिमिनीच्या वर काढलेली."

माझ्याजवळ चाळीस पानांची टिपणं होती. त्यात हे वाक्य नव्हतं.

तळमजला जुन्या पिंपांनी आणि यंत्राच्या तुकड्यांनी भरलेला. आरपार फीत लावायला जागाच नव्हती. साडेचारला कुलूप, असं रखवालदाराने बजावलेलं. मी वर सज्ज्यावर उंच्या घेत होते, खिडक्यांपाशी भिंतीची जाडी मोजत होते. दादा खाली मनोऱ्याभोवती दोरी फिरवत होते. घेराची दोरी तीन पदरी घालायची, वीतभर सोडायची, राहील तो व्यास. ही त्यांची रीत, आणि ती फितीपेक्षा फारशी चुकत नाही. वाऱ्यात त्यांनी खालून आरोळी ठोकली, "चौदा फुटी!"

"किती?"

"चौदा! चौदा फुटी!"

मी लिहिलं, चौदा. बाहेरून दोरी घातलेली मी डोळ्यांनी बघितली होती. म्हणून रकाना निवडला: बाहेरचा व्यास.

दुपारी दादा आणि रखवालदार जिन्याच्या एका पायरीवर डबा मधे ठेवून जेवायला बसले. रखवालदार म्हणाला, "तुमचं ते ठेचा काय ते फार कडक हो." दादा म्हणाले, "मग तुमचा समुद्र लावून खावा, आळनी हुईल." दोघं हसत होते तेव्हा मी वरच्या पायरीवरून फोटो काढला.

आता मी इंदापूरला स्वतःचं काम करते. बंगले, गोडाऊन, एखादं समाजमंदिर. चौकोनीच जास्त. साइटवर कुणी नुसतं माप सांगितलं की माझी लेखणी थांबते. "कुठनं कुठवर?" असं मी विचारते. नवे गवंडी एकमेकांकडे बघतात, 'मॅडमना फीत वाचता येत न्हाय काय' असं. त्यांना वाटू दे. मला त्या प्रश्नाची किंमत एकदा कळलेली आहे.

बारामतीत त्या वर्षी एप्रिलचा तिसरा आठवडा. जुरीला तीन दिवस होते. जुरी म्हणजे बाहेरगावचा परीक्षक येऊन नकाशे आणि मॉडेल तपासतो, उभं करून प्रश्न विचारतो, आणि त्याची सही झाली तरच वर्ष पार. आमची शीटं पूर्ण, त्यांवर मॅडमच्या सह्या झालेल्या. मॉडेल उभं, एका फुटाला अर्धा इंच या हिशोबाने अडीच फुटांचं. मीच त्याच्याकडे चोरून बघायची, इतकं ते सुबक झालं होतं. सडपातळ. अहवालाच्या मुखपृष्ठाला फोटो हवा म्हणून रेश्मा माझा मोबाइल चाळत होती.

"हा लाव की. दादांचा. झ्याक आलाय."

मी बघितलं. एका पायरीवर दोन दांडगी माणसं, मधे डबा, डब्याच्या बाजूला पाण्याची कळशी, आणि तरी भिंतीकडे हातभर जागा मोकळी.

माझ्या नकाशात ती पायरी तीन फूट रुंद होती.

मी खडू घेतला आणि होस्टेलच्या व्हरांड्यात फरशीवर तीन फूट आखले. "बस," मी रेश्माला म्हटलं. ती बसली, मी तिला लागून बसले. डबा मधे ठेवायला गेले तर तो कुठेच मावेना. आम्ही दोघी मिळून दादांच्या एका खांद्याएवढ्या.

"उंचीमुळं फोटोत तसं दिसत असंल," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच पटला नव्हता.

मी दादांना फोन लावला. मागे पंपाचा आवाज होता, ते कुठल्यातरी विहिरीवर होते.

"दादा, त्या मनोऱ्याचं चौदा सांगितलं, ते भित धरून का सोडून?"

"सोडून. भित धरून कोन सांगतं?"

"पन दोरी तर भायेरनं घातली हुती तुमी."

"मग? आत पिंपं न्हवती का? भायेरनं ईस भरलं. तीन तीन फूट दोनी अंगाच्या भितीचं काडलं. चौदा ऱ्हायलं. गाळा चौदा, म्हनून चौदा फुटी सांगितलं." मग जरा थांबून, "का गं?"

विहिरीवाल्यांत 'इतकी फुटी' म्हणजे आतलं मोकळं तोंड. ज्याची विहीर त्याला पाणी किती मावेल याच्याशी मतलब; भिंत हा बांधणाऱ्याचा प्रश्न. खड्ड्याचं माप घ्यायचं, भिंत मनातल्या मनात वजा करायची आणि उरलेलं मोठ्याने सांगायचं. मी जन्मापासून ते ऐकत आले होते. आमच्या घरात कुणी कधी विहीर दुसऱ्या रीतीने सांगितलेली नाही. आणि पाच वर्षं कॉलेजात शिकल्यावर, बाहेरून दोरी बघितली म्हणून, मी त्या चौदातून आणखी तीन आणि तीन वजा केले होते. माझ्या मनोऱ्याची भिंत दोनदा वजा झाली होती. वीस फुटांचा मनोरा मी चौदाचा केला, आतला चौदाचा गाळा आठाचा. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक शीटवर, प्रत्येक पायरीत. सडपातळ!

"काय न्हाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. कावीळ उतरली तरी डोळ्यांखाली पिवळट होतं अजून. ती हळू बोलली, "कोण जातंय गं मोजायला? समुद्र हितनं कुठं. मॅडमच्या सह्या झाल्यात. परीक्षकानं तरी तो मनोरा बघितलाय का? तू गप ऱ्हा. फक्त तो फोटो नको लावू."

"आणि कळलं तर?"

"तूच सांगितलं तर कळंल. माझंबी वरीस हाय यात, सुजाता. मी दोन महिने अंथरुणात होते. मला परत बसायचं त्राण न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या वाटणीचं वर्ष माझ्या एका रकान्यात अडकलं होतं. फोटो पुसायला दोन सेकंद लागले असते. मी मोबाइल हातात धरून किती वेळ बसले होते ते आठवत नाही. अंगठ्याचा घाम काचेवर उमटला होता तेवढं आठवतं.

तसं बघितलं तर माझ्या मॉडेलने कुठली बोट फुटणार नव्हती. तो पुठ्ठा होता. पण रखवालदार तेलाचा डबा घेऊन रोज ज्या जिन्याने वर गेले असतील, तो जिना मी अर्धा करून टाकला होता. आणि ज्या माणसाने माप बरोबर दिलं त्याचं माप माझ्या कागदावर चूक ठरलं होतं. हे दुसरं जास्त टोचत होतं.

सकाळी पहिल्या गाडीने दादा होस्टेलच्या फाटकाशी हजर. हातात तीच पिशवी. गडीमाणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मी खाली गेले.

"तुमी कसं काय?"

"काय न्हाय म्हनलीस न्हवं? तू काय न्हाय म्हनतीस तवा लई असतंय. दाव."

मॉडेल आणि शीटं घेऊन रेश्मा आणि मी कॉलेजच्या वर्कशॉपच्या पडवीत गेलो. दादा मॉडेलसमोर उकिडवे बसले. एक डोळा मिटून बघितलं. खिशातून सुईदोरा काढला, दोऱ्याला नट बांधला आणि अडीच फुटांच्या पुठ्ठ्याला ओळंबा लावला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"काम चांगलं हाय," ते म्हणाले. "पन ही त्यो न्हवं. ही त्याची पोरगी हाय."

मग मी सगळं सांगितलं. कुठे चौदा लिहिलं, कुठे पुन्हा वजा केलं. ते ऐकत होते आणि बोटाने धुळीत गोल काढत होते. एक गोल, त्याच्या आत दुसरा. त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. मला वाटलं, आता म्हणतील, एवढं शिकवलं ते कशाला. ते म्हणाले, "उकल."

"काका, परवा जुरी हाय!" रेश्मा ओरडलीच.

"मग आज लागा की."

"न्हाय झालं तर?"

दादांनी तिच्याकडे बघितलं. तिला ते लहानपणापासून ओळखत नव्हते, पण आवाज तसा केला. "बाय, चुकलेली विहीर मी चारदा उकललीय. येकदा मालक वर हुबा राहून शिव्या देत हुता, मी खाली दगड काडत हुतो. लाज वाटली. पन त्या विहिरीत आज पोरं पवत्यात."

रेश्मा रडली. मग तिनेच कटर उचलला आणि पहिला थर कापला. तो आवाज अजून कानात आहे.

मॅडमना सांगणं राहिलं होतं. त्या ऐकून उठून उभ्या राहिल्या. "माझी सही झालेली शीटं तुम्ही बदलणार?"

"चुकीच्या मापांवर झालीय, मॅडम."

"हे मला काल का नाही कळलं?"

"मलाच काल कळलं."

त्या म्हणाल्या, "नवी शीटं उद्या पाचच्या आत. मी वाचून सही करीन. सगळी वाचून. एक रेघ चुकलेली दिसली तर सही नाही, आणि सही नाही तर जुरीला उभं राहायचं नाही. चालेल?"

चालणार नव्हतं. मी "हो" म्हटलं.

आणि तेव्हाच, कुठून धीर आला माहीत नाही, मी आणखी एक विचारलं. प्रत्येक शीटच्या खालच्या कोपऱ्यात नावांची चौकट असते: नकाशा कोणी काढला, तपासला कोणी, मापे कोणी घेतली. "मापे घेणारे" या ओळीत मी माझं आणि रेश्माचं नाव टाकलं होतं. रेश्मा तर तिथे नव्हतीच. "तिथं वडिलांचं नाव लावू का?"

"तिथे विद्यार्थ्यांची नावं येतात," मॅडम म्हणाल्या. नकार नव्हता, होकारही नव्हता.

पडवीत परत आले तर दादांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून अर्धगोल फर्मा केला होता. त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या वाकवून ते एकेक थर बसवत होते, विहिरीत बसवतात तसा, सांधा सांध्यावर येऊ न देता. मी त्यांना विचारलं, "दादा, शीटवर तुमचं नाव लावू? मापं तुमी घेतली म्हनून?"

हात थांबले नाहीत. "चूक झाली ती लिवनार हायस का?"

"चूक कशाला? दुरुस्त केली की आता."

"चूक लिवनार असशील तर नाव लाव. नुसतं नाव नगं. उद्या कुनी दोरी घेऊन मोजंल, त्याला कळाय नगं व्हय, हितं पाय घसरतोय म्हनून?"

ते दोन दिवस मला सलग आठवत नाहीत. पत्र्याच्या पडवीत तव्यावर बसल्यासारखं वाटायचं, ते आठवतं. रेश्मा शाई लावताना श्वास रोखायची आणि रेघ संपली की "हूं" करायची. आईने गावाहून पाठवलेली शेंगाची चटणी आम्ही उभ्याउभ्या खाल्ली, आणि तिखट बोट चिरेला लागून मी किंचाळले. मनोरा रुंद होत गेला. जसजसा रुंद झाला तसतसा मला तो ओळखू यायला लागला. तो सडपातळ नव्हताच; पाय फाकवून वाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसासारखा होता. जिना बसवला तेव्हा पायरी सहा फुटांची आली. रेश्माने खडूने फरशीवर सहा फूट आखले, आम्ही तिघं त्यात बसलो आणि डबा मधे ठेवला. मावला.

मॅडमनी सगळी शीटं वाचली. खरंच सगळी. पाच वाजून गेले तरी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. चौकटीतल्या तिसऱ्या, दादांच्या नावापाशी पेन थांबलं, मग पुढे गेलं.

जुरीच्या दिवशी मॉडेल अजून रंगवलेलं नव्हतं. इतरांच्या झाडं, गाड्या, माणसं लावलेल्या चकचकीत इमारतींमध्ये आमचा मनोरा उघड्या अंगाने उभा होता. परीक्षक वयस्कर होते, कमी बोलणारे. पुण्याच्या पुढून कुठून आले होते. वरून मॉडेलमध्ये डोकावले, बोट घालून जिना चाचपला. भिंत खाली जाड का, खिडक्या फिरत्या का, गोळ्याला भोकं का, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. ढाळ बाहेरूनच का, याला मी दादांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान वर केली.

मग ते खालच्या कोपऱ्याशी वाकले. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पहिल्या आखणीत भिंतीची जाडी दोनदा वजा झाली होती. दुरुस्त केले.'

"हे तुम्ही स्वतः होऊन लिहिलंय? न लिहिता भागलं असतं."

"हो."

"आणि मापे घेणारे म्हणून हे तिसरं नाव. हे विद्यार्थी आहेत?"

मॅडम फरशीकडे बघत होत्या. रेश्माने मागून माझी ओढणी घट्ट धरली होती.

"नाहीत. माझे वडील आहेत. विहिरी बांधतात. मापं त्यांनी घेतली."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग त्यांची सही कुठं आहे? नकाशा काढणाऱ्यांच्या आहेत, तपासणाऱ्यांची आहे. मापं घेणाऱ्याच्या नावापुढची जागा मोकळी आहे. त्याच्याशिवाय मी हे मान्य कसं करू?"

एक क्षण मला वाटलं, गेलं. वर्ष गेलं, एका मोकळ्या जागेपायी.

"ते बाहेर आहेत," मी म्हटलं.

"मग जा की. मी थांबतो."

शीट गुंडाळायचंही भान नव्हतं. तसंच दोन्ही हातांत धरून मी जिन्यावरून धावले. दादा मैदानाच्या कडेला करंजाखाली उभे होते. मी शीट बाकावर पसरलं, पेन हातात दिलं. "हितं सही करा. पटकन. आत सर थांबल्यात."

दादांनी पेन घेतलं. सही केली नाही.

"ह्ये काय लिवलंय बारीक, त्ये वाच."

"दादा, येळ न्हाय ओ!"

"सही मी करतोय न्हवं? वाच."

मी वाचलं. 'भिंतीची जाडी दोनदा वजा झाली होती.' ते ऐकून त्यांनी मान हलवली.

"दोनदा म्हंजे कुनी दोनदा? असं वाचनाऱ्याला वाटंल, त्या गवंड्यानंच दोनदा काडली. न्हायतर पोरीनंच दोनदा. येकदा मी काडली, ती माझ्या रीतीनं बरोबर हुती, पन तुला सांगितली न्हाय. येकदा तू काडलीस, इचारलं न्हाईस. तसं लिव."

जिन्याच्या खिडकीतून रेश्मा हात हलवत होती, चल, चल. मी बाकावर वाकले आणि त्या ओळीपुढे लिहिलं: 'एकदा माप सांगणाऱ्याने, न सांगता, एकदा लिहिणारीने, न विचारता.' अक्षर वाकडं आलं. पाच वर्षांत माझ्या कुठल्या शीटवर इतकं वाकडं अक्षर नव्हतं.

"वाच," दादा म्हणाले. मी वाचलं. मग त्यांनी पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर दगड बसवल्यासारखं दाबून.

वर पोचले तेव्हा शाई ओलीच होती. परीक्षकांनी नवी ओळ वाचली, परत एकदा वाचली, आणि शाई वाळेपर्यंत शीटची कड तळहाताखाली धरून बसले. त्यांच्या सहीची जागा दादांच्या सहीच्या बरोबर खाली होती. तिथे त्यांनी सही केली.